टाइन पुलावरची गर्दी पाहून किटीवेक सुखात आहे, असे समजू नये

इंग्लंडमधल्या न्यूकॅसलला राहायला आल्यापासून माझा वसंत किटीवेकच्या कलकलाटाने सुरू होतो. किटीवेक हा कुरवांच्या (सीगलच्या) कुळातला छोटा समुद्रपक्षी. पांढरे अंग, राखाडी पाठ आणि शाईत बुडवून काढल्यासारखी काळी पंखटोके. एरवी तो समुद्रकड्यांवर घरटी बांधतो, पण येथे समुद्रापासून सुमारे १३ किलोमीटर आत, १९२८ साली खुल्या झालेल्या टाइन पुलावर आणि काठच्या इमारतींच्या कंगोऱ्यांवर त्याच्या हजाराहून अधिक जोड्या वीण करतात. जगात त्यांची इतक्या आत दुसरी वसाहत नाही.

आमच्या इथल्या मराठी मंडळींत दर वर्षी विषय निघतोच: फुटपाथवर विष्ठेचा सडा पडतो, पहाटेपासून आवाज असतो, आणि इतकी गर्दी असताना हा पक्षी धोक्यात कसा? प्रश्न प्रामाणिक आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मला पूर्णपणे चुकीचा वाटतो.

कंगोऱ्यावर दिसते ती प्रौढ पक्ष्यांची गर्दी. किटीवेक दहा वर्षांहून अधिक जगू शकतो आणि वर्षानुवर्षे त्याच वसाहतीत परततो. त्यामुळे लागोपाठ काही हंगाम पिल्ले जगली नाहीत, तरी वसाहत वरून भरलेलीच दिसते आणि आतून मात्र पोकळ होत जाते. मोजायला हवीत ती उडून गेलेली पिल्ले. घरट्यात बहुधा दोन अंडी असतात, आणि संख्या टिकायची तर दर १० जोड्यांमागे सुमारे ८ पिल्ले तरी उडावी लागतात. अनेक किनाऱ्यांवर तेवढी उडाली नाहीत, आणि त्याचा परिणाम गणनेत दिसतोच: १९९८-२००२ आणि २०१५-२०२१ या दोन गणनांच्या दरम्यान ब्रिटन आणि आयर्लंडमधले किटीवेक ४३ टक्क्यांनी घटले. २०१७ पासून हा पक्षी धोक्यातल्या प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘असुरक्षित’ गटात आहे.

मूळ दुखणे अन्नाचे आहे. त्याची पिल्ले प्रामुख्याने सँड ईल या बोटाएवढ्या, वाळूत दडणाऱ्या माशावर वाढतात. पफिन हा दुसरा समुद्रपक्षी खोल बुडी मारून मासा आणतो; किटीवेकला पाण्याच्या वरच्या थरातलाच मासा मिळतो, म्हणून टंचाईचा फटका त्याला आधी बसतो. हिवाळ्यात समुद्र तापला की या माशाची पैदास घटते, आणि त्यातच माशांची भुकटी व तेल यांसाठी त्याची प्रचंड प्रमाणात मासेमारी होत आली. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ १९९० मध्ये ही मासेमारी सुरू झाल्यावर जवळच्या आयल ऑफ मे बेटावर किटीवेकची वीण फसू लागली. २००० साली तेथे बंदी आल्यावर ती सुधारली. म्हणूनच मार्च २०२४ मध्ये संपूर्ण स्कॉटिश सागरी क्षेत्रात आणि उत्तर समुद्राच्या इंग्लिश भागात घातलेली बंदी मला योग्य वाटते, आणि ती उठवण्याचा कोणताही प्रयत्न हाणून पाडला पाहिजे. नारळी पौर्णिमेपर्यंत होडी समुद्रात न घालणाऱ्या कोकणातल्या माणसाला हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

मासा मिळाला तरी घरट्याला जागा हवी. गेल्या जूनमध्ये माझ्या रोजच्या वाटेवरच्या एका इमारतीवर, चिखल आणि गवत तुडवून बसवलेल्या वाटीएवढ्या घरट्यात दोन पिल्ले होती. जमिनीवर वाढणाऱ्या कुरवांची पिल्ले धोका दिसताच पळून लपतात. ही मात्र अरुंद कंगोऱ्यावर भिंतीकडे तोंड करून निश्चल बसतात, कारण एक पाऊल चुकले तर खाली नदीच. पालक आला की पिल्लू त्याच्या घशात चोच खुपसून मासा ओढून घेई. दोन आठवड्यांनी तेथे एकच पिल्लू उरले. शेजारच्या इमारतीवर पक्षी बसू नयेत म्हणून लावलेली जाळी एका कोपऱ्यात सैल झाली होती. तिच्यात एक प्रौढ पक्षी अडकून मेला आणि कित्येक दिवस तसाच लोंबकळत राहिला. ते दृश्य माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

त्या इमारतीच्या व्यवस्थापनाला मी लेखी कळवले आहे की, फेब्रुवारीअखेर पक्षी परतण्यापूर्वी ती जाळी काढावी, आणि विष्ठेचा त्रास होतो तेथे कंगोऱ्याखाली फळ्या बसवून फुटपाथ धुण्याची सोय करावी. येथे राहणाऱ्या मित्रांना विनंती आहे की, आपल्या वाटेवर अशी सैल जाळी दिसली तर फोटो काढून त्या इमारतीच्या व्यवस्थापनाला याच आठवड्यात पाठवा. घरटी बांधून झाल्यावर तेथे हात लावता येत नाही.