विमा सरकारी की खासगी? आधी पोहे मागवा

रविवारी सकाळी राजवाड्याजवळ पोह्यांच्या गाडीवर 'विमा सरकारी हवा की खासगी' हा विषय निघाला, तर गप्प उभे राहू नका. इंदूरकरानं वादातून माघार घेणं म्हणजे पोह्यांवर जिरावण मसाला नाकारणं. बाजू निवडायला अभ्यास लागत नाही. घरात पेन्शन येत असेल तर सरकारी, ईएमआय जात असेल तर खासगी.

सरकारी बाजू वाट्याला आली तर तुमच्या हाती हुकमाचा एक्का आहे, चिंतामणराव देशमुख. त्या काळात कित्येक जीवन विमा कंपन्या लोकांचे हप्ते घेऊन बुडत होत्या. १९ जानेवारी १९५६ ला अर्थमंत्री देशमुखांनी आकाशवाणीवरून राष्ट्रीयीकरण जाहीर केलं आणि १ सप्टेंबरला देशी-विदेशी मिळून २४५ विमा संस्था एलआयसी या एका महामंडळात विरघळल्या. "आपला माणूस!" एवढं म्हणा आणि थांबा. थांबायचं अशासाठी, की समोरचा जाणता निघाला तर मुंदडा प्रकरण काढेल. महामंडळाला वर्ष होतंय न होतंय तोच त्याचे सव्वा कोट रुपये हरिदास मुंदडाच्या कंपन्यांच्या शेअरांत गेले, आणि १९५८ साली अर्थमंत्री कृष्णम्माचारींना खुर्ची सोडावी लागली. अशा वेळी गाडीवाल्याला मोठ्यानं सांगावं, "भिया, शेव जरा अजून!"

खासगी बाजू त्याहून सोपी. १९९९ चा विमा नियामक कायदा, पाठोपाठ खासगी कंपन्यांना दारं उघडली, परदेशी भांडवलाची मर्यादा आधी २६ टक्के, मग ४९, २०२१ साली ७४. स्पर्धा आली, ॲप आलं, ॲपमध्ये सदा हसणारं चौकोनी कुटुंब आलं.

पथ्य एकच, पण कडक. कपाटात साडीच्या दुकानाच्या पिशवीत ठेवलेली पॉलिसी काढून वाचायची नाही. आम्ही कुठे वाचली? माझ्या दोन्ही पॉलिसी एजंट मेहुण्यानं दिल्या. जीवन विमा सरकारी, आरोग्य विमा खासगी. (एकाच एजंटला जीवन विमा एका कंपनीचा आणि आरोग्य विमा दुसऱ्या कंपनीचा विकता येतो. कायद्यात बसतं ते.) अर्जावर त्यानं पेन्सिलीनं फुल्या मारल्या, मी फुलीपाशी सह्या केल्या.

"भाऊजी, मधुमेह?"

"गोळी चालू आहे, पण अर्धी."

"अर्धी म्हणजे नाहीच," म्हणत त्यानं दोन्ही अर्जांवर सारख्याच अक्षरात 'नाही' लिहिलं. लपवलेली ही अर्धी गोळी जीवन विम्यात विमा कायद्याच्या कलम ४५ प्रमाणे तीन वर्षांनी माफ होते. आरोग्य विम्यात पाच वर्षं लागतात, आणि फसवणूक सिद्ध झाली तर तेवढ्यानंही भागत नाही. तोवर आजारी न पडण्याची जबाबदारी ग्राहकाची.

वाचल्यानं काय होतं ते शेजारच्या काकांकडे बघून समजलं. पॉलिसी ५ लाखांची, रुग्णालयाच्या खोलीभाड्याची मर्यादा १ टक्का, म्हणजे दिवसाला ५,००० रुपये. मुलानं प्रेमापोटी १०,००० ची खोली घेतली. काकांना वाटलं, फार तर भाड्यातला फरक भरू. पण अशा पॉलिसीत खोली दुप्पट झाली की डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचा खर्चही निम्माच मिळतो. पलंगावर पडल्या पडल्या काकांनी ते कलम पहिल्यांदा वाचलं. त्याच पानाखाली लिहिलं होतं, पॉलिसी पटली नाही तर हातात आल्यापासून ३० दिवसांत परत करता येते. काकांचं चौथं वर्ष चालू होतं. आता तक्रार करावी तर विमा लोकपाल फुकट ऐकून घेतात, वकीलही लागत नाही, पण त्यांचं कार्यालय भोपाळला. इंदूरच्या माणसानं न्याय मागायला भोपाळला जायचं! काकांनी उरलेले पैसे भरून टाकले.

तेव्हा वाद घालत राहा. रविवारी मेहुणाही गाडीवर असतो. पेन्शनवाल्यांत तो देशमुखांचं नाव काढतो, ईएमआयवाल्यांत ॲप दाखवतो, आणि दोन्हीकडे त्याचा गळा सारखाच दाटून येतो. विषय बहुतेक तोच काढतो. पोह्यांचे पैसेही तोच देतो. देऊ द्या.