फवारणीची तारीख नको, झुरळांची वही हवी

"शनिवारी सर्व वर्गांत पेस्ट कंट्रोल करण्यात येईल" अशी शाळेची सूचना आली की बहुतेक पालकांना बरं वाटतं, चला शाळा काळजी घेतेय. मी स्वतः शाळेत शिकवते आणि मला मात्र ही सूचना वाचली की काळजी वाटायला लागते. का, ते आज सगळं लिहून काढतेय. पोस्ट लांब होणारे, पण ज्यांची मुलं शाळेत जातात किंवा जे शाळेत काम करतात त्यांनी प्लीज शेवटपर्यंत वाचा.

आधी एक स्पष्ट करते. झुरळं, उंदीर असू देत, काय बिघडतं, असं मी अजिबात म्हणत नाहीये. झुरळांची विष्ठा, लाळ, टाकलेली कात हे सगळं धुळीत मिसळतं आणि दमा असलेल्या मुलांना त्यानेच अटॅक येऊ शकतो, उंदराच्या मुतातून लेप्टोस्पायरोसिसचा ताप पसरू शकतो, वायरी कुरतडल्या की शॉर्ट सर्किट होतं. तर कीड नकोच. माझा राग आहे तो ठरलेल्या तारखेला, किडे दिसोत न दिसोत, सगळ्या वर्गांच्या भिंतीकडेने औषध मारून मोकळं व्हायचं, या पद्धतीवर. त्याने कीड जात नाही आणि औषध मात्र मुलांच्या अंगाखाली राहतं.

अंगाखाली हे मी शब्दशः म्हणतेय. लहान वर्गातली मुलं फरशीवर बसतात, पडलेली पेन्सिल उचलून तोंडात घालतात, बाकाखाली शिरतात, आणि वजनाच्या मानाने ती मोठ्या माणसापेक्षा जास्त हवा आत घेतात. त्यांचा मेंदू, फुप्फुसं अजून घडतायत. घरात, शाळेत हल्ली जी औषधं मारतात ती बहुतेक पायरेथ्रॉइड गटातली असतात, म्हणजे डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन वगैरे. ती उघड्यावर उन्हात लवकर विरतात म्हणून "काही होत नाही हो" असं सांगितलं जातं, पण बंद खोलीत, जिथे ऊन नाही पाऊस नाही, तिथे ती धुळीत आठवडेच्या आठवडे टिकतात, कधी कधी महिने. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2012 मध्ये याच विषयावर अधिकृत भूमिका मांडली, मुलांचा कीटकनाशकांशी संपर्क शक्य तितका कमी करा म्हणून. आणि हो, "आमचं औषध बिनवासाचं आहे" ही काही सुरक्षिततेची खूण नाही. वास बरेचदा त्यातल्या सॉल्व्हंटचा, म्हणजे औषध ज्यात विरघळवतात त्या द्रवाचा असतो, वास काढून टाकला म्हणजे औषध निघून गेलं असं होत नाही.

बरं, एवढं करून झुरळं मरतात का? जी उघड्यावर असतात तेवढी मरतात. शाळेच्या किचनमध्ये, स्टाफरूममध्ये जी छोटी तपकिरी झुरळं असतात ना, डोक्यामागे दोन काळे पट्टे असलेली, ती जर्मन कॉक्रोच. तिची मादी एका अंडकोशात तीस-चाळीस अंडी घेऊन फिरते, पिल्लं बाहेर यायच्या जरा आधीपर्यंत तो कोश तिच्या पोटाला चिकटलेलाच असतो, आणि ती दिवसभर बसते कुठे तर फ्रिजच्या मोटरमागे, बिजागरीत, सिंकच्या लाकडाला गेलेल्या भेगेत. फवारा तिथपर्यंत जातच नाही, गेला तरी कोशातल्या अंड्यांना फारसं काही होत नाही. उलट काही फवारे झुरळांना हुसकावतात आणि ती भिंतीतून पलीकडच्या खोलीत जातात. 'पेस्ट कंट्रोल केलं आणि आता शेजारच्या वर्गात निघायला लागली' हे प्रत्येक शाळेत ऐकलेलं वाक्य आहे, ते उगाच नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये दाखवलं की जर्मन झुरळं एका औषधाला दाद देईनाशी होताना ज्या औषधांशी त्यांची कधी गाठही पडली नव्हती त्यांनाही पुरून उरतात, आणि हा बदल एका पिढीतही दिसू शकतो. त्याच वर्षी नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठाच्या लोकांनी खोलीत धूर सोडणारे ते फॉगरचे डबे तपासले, झुरळं कमी झाली नाहीत आणि ओट्यावर, फरशीवर औषध मात्र भरपूर सापडलं. जेल (झुरळांनी खावं म्हणून ठिपक्याठिपक्याने लावायचं विषारी आमिष) लावलेल्या घरांत झुरळं कमी झाली आणि औषध कुठे पसरलंही नाही.

मग करायचं काय? बघायचं. खरंच, सगळ्यात आधी फक्त बघायचं.

चिकट पट्टी मिळते, ग्लू ट्रॅप, पुठ्ठ्याचा छोटा बोगदा असतो आणि आत चिकट थर. त्यात विष नसतं. तो झुरळं संपवायला नाही लावायचा, तो माहिती काढायला लावायचा. मागे तारीख आणि जागा लिहायची, भिंत आणि जमिनीच्या कोपऱ्यात, अगदी भिंतीला टेकवून सरकवायचा, कारण झुरळ मोकळ्यातून चालत नाही, कडेने चालतं. आमच्या स्टाफरूममध्ये फ्रिजमागे, सिंकखाली आणि जुन्या पेपरच्या कपाटाजवळ असे ठेवलेत. पट्टी वाचता येते हे मला आमच्या सफाईच्या मावशींनी शिकवलं. त्या पट्टी उजेडात धरून म्हणाल्या, "मॅडम हे बघा, सगळी एकाच बाजूने आलीयेत." खरंच सगळी झुरळं पट्टीच्या डाव्या तोंडाशी अडकली होती, आणि त्यात बरीच तांदळाच्या दाण्याहूनही छोटी, बिनपंखी पिल्लं. पिल्लं अडकली म्हणजे घरटं जवळ आहे, पिल्लं लांब जात नाहीत. डाव्या बाजूला सिंकचा पाइप भिंतीत जातो तिथे बोटभर भोक होतं आणि खालचं लाकूड गळतीने ओलं होऊन फुगलं होतं. प्लंबरने गळती काढली, भोक बुजवलं, मावशींनी आतलं सगळं व्हॅक्यूमने ओढून घेतलं, बिजागरीत जेलचे छोटे ठिपके लावले. एवढ्या एका जागेसाठी आधी अख्ख्या मजल्यावर फवारणी होत होती!

म्हणून माझं ठाम मत आहे की शाळेतल्या कीड-नियंत्रणाची प्रमुख व्यक्ती कोण असावी तर सफाईच्या मावशी आणि शिपाई काका. त्यांना रोज दिसतं की कुठे लेंड्या आहेत, कुठल्या वर्गात डब्याचं सांडतं, कुठला नळ रात्रभर टपकतो. पण त्यांना विचारतंय कोण? ऑफिसच्या बाहेर एक वही टांगा. काय दिसलं, कुठे दिसलं, किती, कधी, कुणी बघितलं. आणि पुढे एक रकाना, काय केलं. मुलांनीसुद्धा येऊन सांगावं, त्यांना हे आवडतं. पेस्ट कंट्रोलचा माणूस आला की त्याने आधी ही वही वाचायची, पट्ट्या बघायच्या आणि मगच पेटी उघडायची. पट्ट्या कोऱ्या असतील तर त्या दिवशी काहीही मारायचं नाही, तरी त्याचे पैसे द्यायचे, कारण आपण त्याला तपासणीचे पैसे देतोय, औषधाच्या लिटरचे नाही. काँट्रॅक्टमध्ये हे लिहूनच घ्यायला हवं. आत्ता बहुतेक ठिकाणी काँट्रॅक्ट 'वर्षाला इतक्या फवारण्या' असंच असतं आणि मग तो बिचारा फवारणारच.

ही काही माझी नवी कल्पना नाही. 1959 साली कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या स्टर्न, स्मिथ, व्हॅन डेन बॉश आणि हेगन या कीटकशास्त्रज्ञांनी शेतीसाठी हा विचार मांडला, की कीड दिसली की लगेच औषध नाही, तिची संख्या एका ठरावीक मर्यादेला पोचली तरच उपाय करायचा आणि औषध हे इतर उपायांच्या जोडीने वापरायचं. त्याला एकात्मिक कीड व्यवस्थापन म्हणतात, शेतकऱ्यांना हा शब्द चांगला माहितीये. टेक्सासमध्ये तर 1995 पासून सरकारी शाळांना हीच पद्धत वापरणं बंधनकारक आहे. कॅलिफोर्नियात 2000 सालच्या कायद्याने पालकांना आधी कळवावं लागतं, आणि जिथे औषध मारणार तिथे 24 तास आधी बोर्ड लावून नंतर 72 तास तो ठेवावा लागतो. कुठलं औषध, कशासाठी, हे त्या बोर्डावर असतं. एवढं कळायचा हक्क प्रत्येक पालकाला हवा, देश कुठलाही असो.

उंदरांचं सांगते. घरातला छोटा उंदीर 6 मिलिमीटरच्या फटीतून आत येतो, म्हणजे जिथे पेन्सिल जाते तिथे उंदीर जातो. दिवसा वर्गात लाइट बंद करून दार लावा आणि दाराखालून उजेड येतो का बघा. उजेड येत असेल तर वाट उघडी आहे. दाराला खालून रबरी किंवा ब्रशची पट्टी, पाइपाभोवतीच्या भोकात स्टीलचा काथ्या कोंबून वरून सिमेंट किंवा सीलंट (नुसता फोम नको, तो कुरतडतात), एवढ्याने निम्मं काम होतं. विषाच्या वड्या शाळेत नकोच असं माझं मत. त्यातल्या बऱ्याच रक्त पातळ करणाऱ्या असतात, उंदीर लगेच मरत नाही, काही दिवसांनी छतात नाहीतर कपाटामागे कुठेतरी जाऊन मरतो आणि मग वर्गात बसवत नाही. मांजर किंवा घुबडाने असा उंदीर खाल्ला तर तेही मरू शकतं. आणि वडी रंगीत असते, मुलाच्या हाताला लागू शकते. त्यापेक्षा कुलूपबंद डब्यातले चापाचे सापळे, मुलांच्या हाताला न लागणारे, रोज सकाळी मुलं यायच्या आत तपासलेले.

आता ज्या दोन गोष्टींवर मी खरंच चिडते त्या. झुरळं मारायचा खडू. अरे शाळेत? जिथे प्रत्येक फळ्याखाली तसाच पांढरा खडू पडलेला असतो तिथे विषारी खडू आणायचा? त्यात बरेचदा डेल्टामेथ्रिनच असतं. अमेरिकेत हा खडू विकणं बेकायदा आहे, आणि तिथलं पर्यावरण खातं बजावतं की मुलं तो साधा खडू समजून हातात घेतात, तोंडात घालतात. आणि दुसरं म्हणजे डांबरगोळ्या. मुलांच्या टॉयलेटमध्ये, लायब्ररीच्या कपाटात सर्रास टाकलेल्या असतात, दिसायला पेपरमिंटसारख्या. त्यातल्या नॅफ्थलीनने जी सिक्स पीडी हे एन्झाइम कमी असलेल्या मुलांच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि आपल्या मुलात ते कमी आहे हे अनेक आईबापांना माहीतच नसतं. पुस्तकांना कसर लागते ती दमटपणामुळे. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, ओल कुठून येतेय ते शोधा, पुस्तकं हलवत राहा, मुलांना वाचायला द्या.

औषधाच्या साठ्याबद्दल एकच सांगते. 2013 मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतलं जेवण खाऊन 23 मुलं गेली, स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक सापडलं होतं. शाळेच्या आवारात, स्वयंपाकघराच्या आसपास तर नक्कीच, कीटकनाशकाचा एकही डबा, भरलेला किंवा रिकामा, असता कामा नये. लागेल तेव्हा बाहेरून आणा, उरलं की परत न्या.

मुंग्यांना साबणाचं पाणी पुरतं. रांग पुसली की त्यांनी वाटेवर सोडलेला वासही पुसला जातो. काही जातींच्या मुंग्यांवर फवारलं तर वारूळ फुटून एकाची चार होतात, त्यामुळे तो मोह टाळा.

डासांचं मात्र मोठं आहे, कारण डेंग्यूचा एडिस डास दिवसा चावतो, म्हणजे नेमका शाळेच्या वेळेत. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक ठरलेला दिवस पाणी ओतून टाकायचं. कूलर, कुंडीखालच्या बशा, गच्चीवरचे तुटके बाक, फ्रिजमागचा ट्रे, कुणाचं लक्ष नसलेली प्रयोगशाळेतली बादली. नुसतं ओतून भागत नाही, भांड्याच्या कडा घासायच्या, कारण एडिसची अंडी कडेला चिकटतात आणि कोरडी पडूनही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. टाकीला झाकण, ओव्हरफ्लो पाइपाला जाळी. आवारात धूर मारून गेले की फक्त उडणारे डास मरतात, पाण्यातल्या अळ्या तशाच, तरी सगळ्यांना वाटतं काहीतरी मोठं काम झालं.

कुणी म्हणेल म्हणजे औषध कधीच नाही का? नाही, तसं नाही. गरज पडली तर वापरा, पण जेल किंवा बंद डब्यातलं आमिष, भेगेच्या आत, मुलं नसताना. जेलही बदलत राहावं लागतं. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी फ्लोरिडात अशी झुरळं सापडली जी आमिषातलं ग्लुकोज तोंडाला लागताच मागे फिरत होती, आणि 2013 मध्ये कारण कळलं की त्यांना ते गोड लागतच नाही, कडू लागतं. म्हणजे झुरळंसुद्धा पिढीगणिक बदलतात, आणि आपण मात्र वर्षानुवर्षं तोच पंप तेच औषध.

'एवढं कोण करणार, शिक्षकांना आधीच शंभर कामं' हे मला सगळ्यात जास्त ऐकावं लागतं आणि ते खोटं नाही. पण यातलं बरंचसं काम आधीच कुणीतरी करतंय, झाडणं, पुसणं, नळ दुरुस्ती, फक्त ते कुठे करायचं हे वहीतून कळतं. जास्तीचा खर्च पहिल्यांदा फटी बुजवताना येतो, नंतर फवारण्यांचे पैसे वाचतात.

आणि मोठी सुट्टी जवळ आलीये म्हणून एक काम आत्ताच. सिंक, बेसिन, फरशीवरच्या मोरीच्या जाळीखाली जो वाकडा पाइप असतो, त्यात पाणी साचलेलं असतं म्हणून गटारातली झुरळं वर येत नाहीत. सुट्टीत ते पाणी उडून जातं, पाइप कोरडा पडतो आणि शाळा उघडते तेव्हा मोठी लाल झुरळं सगळीकडे. शिपाई काकांना सांगा, आठवड्यातून एकदा प्रत्येक मोरीत तांब्याभर पाणी. डब्यांचे कप्पे, शिक्षकांचे ड्रॉवर, नाटकाच्या सामानाचे पुठ्ठ्याचे खोके सुट्टीआधी रिकामे करा, पुठ्ठ्याच्या नळ्यांत झुरळं राहतात.

पालकसभेत कुणाला हे बोलायचं असेल तर पहिला प्रश्न एवढाच विचारा, मागच्या वेळी नेमकी कुठली कीड दिसली म्हणून फवारलं? आमच्या वहीचे रकाने कसे आखलेत ते हवं असेल तर मेसेज करा, पानाचा फोटो पाठवते.