हवामानबदलाच्या अभ्यासकांना प्रेमळ सूचना

हवामानबदलावर काम करायचं ठरवलंत, फार छान केलंत. विषयाला भवितव्य आहे. पीएचडी, सल्लागारी, एखादी संस्था, पुढेमागे परदेशवारी, सगळं यातून होतं. आता फक्त एक गाव लागेल. त्यासाठी विदर्भासारखी जागा नाही. कोरडवाहू कापूस आहे, पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे, मे महिन्यात अंगाची काहिली आहे, जुलैत नाल्याला पूर आहे, आणि माणसं अशी की फॉर्म भरून घेणाऱ्यालाही चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत.

आधी यायचं कधी ते ठरवू. मे महिन्यात येऊ नका. 23 मे 2013ला नागपुरात पारा 47.9 अंशांवर गेला होता. अशा वेळी उष्णतेचा अभ्यास करणं तब्येतीला बरं नाही. जुलैतही नको. आमच्या काळ्या मातीत भाड्याची इनोव्हा फसली की काढायला बैलजोडी लागते, आणि आता बैलजोड्याही फारशा उरल्या नाहीत. डिसेंबर उत्तम. गुलाबी थंडी असते, संत्री असतात, कुणाच्या शेतात ज्वारी उरली असेल तर हुरडाही होतो. हवामानबदलाचा अभ्यास नेहमी चांगल्या हवामानात करावा.

डिसेंबरात एक अडचण आहे. गाव कापूस वेचायला गेलेलं असतं. ज्या बायकांनी निंदण केलं, फवारणीचं पाणी डोक्यावर वाहिलं आणि आता कमरेला ओटी बांधून वेचणी करताहेत, त्या तुम्हाला गावात दिसणार नाहीत. काळजी नको. पारावर चार-पाच म्हातारे नक्की असतात. त्यांना वेळ असतो, मतं असतात आणि 1972चा दुष्काळ तोंडपाठ असतो. ते तुमचे ‘प्रातिनिधिक शेतकरी’. महिलांचा सहभाग हवाच असेल तर सरपंचबाईंना फोटोपुरतं बोलावून घ्या. सह्या त्यांचे यजमान करतात.

मग गावाचा नकाशा. हा कार्यक्रम कधी चुकवू नका. मारुतीच्या देवळासमोर सडा टाकतात, शाळेतली पोरं रांगोळीने शिवार काढतात. हिरव्या रांगोळीने शेतं, निळ्याने नाला, पिवळ्याने पांदण, विहिरीच्या जागी खडे. सगळे उकिडवे बसून एकमेकांच्या चुका काढतात, कारण नकाशात कुणाचा धुरा, म्हणजे शेताचा बांध, कुठून गेला यावर इथे कोर्टात दावे चालू आहेत. आमच्याकडे एकदा नकाशा पूर्ण होता होता एक कोंबडी नाल्यावरून चालत गेली आणि पाणलोट क्षेत्र बदललं. अभ्यासाला आलेल्या मॅडमनी फोटो त्याच क्षणी घेतला होता. अहवालात नाला आजही दोन ठिकाणी वाहतो, आणि तिथे सिमेंट बंधाऱ्याची शिफारस आहे.

नकाशानंतर प्रश्नावली. ती इंग्रजीत तयार होते, मग दिल्लीत कुणीतरी तिचं मराठी करतं, आणि मग ती टॅबवरून आमच्यापर्यंत येते. ‘हवामानविषयक जोखमींबाबत आपली चिंता 1 ते 5 या प्रमाणात सांगा.’ हा प्रश्न टॅबवाल्या मुलीने एका आजीला विचारला. आजी मुलीकडे बघत राहिली, मग म्हणाली, ‘चिंता त हाय बाई, पन आकडा तूच टाक. तुले घाई असन.’ मुलीने 3 टाकला. अशा तिना-तिनांची सरासरी काढली की विदर्भातला शेतकरी मध्यम चिंतेत असल्याचं शास्त्रशुद्धपणे सिद्ध होतं.

निष्कर्षाची धास्ती घेऊ नका, तो आधीच हाताशी आहे. देशाचं सरासरी तापमान 1901 ते 2018 या काळात सुमारे 0.7 अंशांनी वाढलं, हे केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने 2020मध्ये मांडलं. मध्य भारतातल्या व्यापक अतिवृष्टीच्या घटना 1950 ते 2015 या काळात तिप्पट झाल्या, हे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017मध्ये दाखवलं. खरं काम आहे ते, मेहनतीचं. पण तुम्हाला त्याच्या पुढे जायचं नाही. तुम्ही फक्त सिद्ध करायचं की हे सगळं आमच्या गावालाही लागू पडतं. पारावरचा म्हातारा तेच सांगतो: ‘पाऊस पयले झड धरून येत जाय, आता येते त धाडीसारखा येते आन् मंग म्हैनाभर तोंड दाखवत नाई.’ हे वाक्य चौकटीत टाका, तिरप्या अक्षरांत. त्याला ‘स्थानिक ज्ञान’ म्हणतात आणि त्याचे वेगळे गुण मिळतात.

खरा कस लागतो तो शिफारशींत. इथे एक पथ्य पाळा: प्रत्येक शिफारशीचा कर्ता ‘शेतकऱ्यांनी’ असला पाहिजे. शेतकऱ्यांनी पीकपद्धती बदलावी. शेतकऱ्यांनी जोखीम विभागावी. शेतकऱ्यांनी कापूस-सोयाबीन सोडून ज्वारीकडे वळावं. ज्वारी छानच आहे हो, पाणी कमी लागतं, ऊन सोसते, कडबा होतो. आमचे आजे तीच पेरत, तिच्याच भाकरीवर वाढले. आता एक एकर ज्वारी पेरली की सबंध शिवारातली पाखरं तुमच्याच वावरात, आणि रात्री रोही, म्हणजे नीलगायी, व रानडुकरं. शेजारी पाच जणांनी सोयाबीन पेरलंय आणि तुमची एकट्याची ज्वारी उभी आहे, म्हणजे तुम्ही जंगल खात्याचं अन्नछत्रच उघडलंय. मग माणूस मचाणावर रात्र काढतो, डबा बडवतो, सकाळी पुन्हा कामाला जातो. यातून वाचलेली ज्वारी बाजारात नेली की भाव पाहून तिथेच बसावंसं वाटतं. तुमच्या अहवालात रोही नसतो. तो हवामानाच्या रकान्यात बसत नाही, वन्यजीवांच्या रकान्यात बसतो, आणि तो रकाना दुसऱ्या टीमचा.

चांगलं काही दिसलं तर ते थोडक्यात उरकावं. उदाहरणार्थ, बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरी पद्धत. रुंद वरंब्यावर सोयाबीन पेरायचं, बाजूच्या सरीतून जास्तीचं पाणी निघून जातं, कमी पावसात तीच सरी ओल धरते. ज्यांनी केलं त्यांचं जोराच्या पावसात पीक वाचलं, हे मी धुऱ्यावर उभा राहून पाहिलंय. जागतिक बँकेच्या 42 कोटी डॉलरच्या कर्जातून 2018मध्ये सुरू झालेल्या राज्य सरकारच्या पोकरा (नानाजी देशमुख कृषी संजीवनी) प्रकल्पाने या पेरणीचं यंत्र बऱ्याच गावांत नेलं, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. अडचण इतकीच की पेरणीचा वाफसा, म्हणजे पेरायला योग्य ओल, दोन-तीन दिवस टिकतो, आणि तेवढ्यात गावातलं एकुलतं एक यंत्र पहिल्या दिवशी कुणाच्या वावरात जातं हे सांगायला संशोधक लागत नाही. याच्यावर कुणी प्रबंध लिहीत नाही. यंत्रं चार जास्त घेतली की प्रश्न सुटतो, आणि सुटणाऱ्या प्रश्नावर पीएचडी होत नाही.

आता मोजमापाकडे वळू, कारण शास्त्र म्हणजे मोजमाप. कृषी विज्ञान केंद्रांमध्ये जिल्हा कृषी हवामान केंद्रं होती, देशभरात 199. तिथली माणसं येत्या चार-पाच दिवसांचा अंदाज बघून सांगायची, उद्या फवारणी करू नका, परवा पाऊस आहे, वेचलेला कापूस झाका. स्थानिक भाषेत, व्हॉट्सॲपवर, फुकट. मार्च 2024मध्ये ती सगळी बंद झाली. हवामानाची माहिती आता यंत्रंच गोळा करतात, मग प्रत्येक जिल्ह्यात माणसं कशाला, असा वरच्यांचा हिशेब. बिनतोड आहे. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश तापमान नोंदवलं. टीव्हीवाले पळापळ करू लागले, जगाचा विक्रम मोडायला जेमतेम एक अंश उरला होता. मग हवामान खात्याने सांगितलं की संवेदक बिघडलाय. त्या दिवशी गावात कुणीही यंत्राकडे न बघता सांगितलं असतं की 56 काही नाही, पण गाव स्वयंचलित नसल्यामुळे त्याला विचारायची सोय नाही.

पावसाचंही असंच. महावेध या सरकारी प्रकल्पाचं स्वयंचलित हवामान केंद्र महसूल मंडळाला एक. मंडळात गावं डझनावारी. अतिवृष्टी म्हणजे 24 तासांत 65 मिलिमीटरच्या वर, आणि ती पडायला हवी ती केंद्रावर. तुमच्या वावरावर ढग फुटला, माती खरडून गेली, सोयाबीन नाल्यात वाहून गेलं, आणि केंद्राच्या गावात त्या दिवशी झिमझिम होती, तर झिमझिमच पडली. म्हणून शेतकऱ्यांना माझा सल्ला असतो की वावर घेताना पर्जन्यमापकाच्या जवळ घ्यावं. सातबारा, पाणी, रस्ता हे नंतर बघावं. नुकसान मोजून घेतानाही बेतानं करावं: 33 टक्क्यांच्या खाली गेलात तर सरकारी मदत नाही, आणि सगळंच गेलं तरी मदतीच्या नियमांत हेक्टर दोनच. निसर्गाने शासननिर्णय वाचून यायला हवं.

विमा तर आता फारच सुटसुटीत झालाय. 2023च्या खरिपात एक रुपयात विमा आला तेव्हा आम्ही रुपया हातात घेऊन रांगेत उभे होतो. वावर बुडालं की 72 तासांच्या आत कळवायचं होतं. गुडघाभर चिखलात एका हाताने मोबाईल वर धरून नेटवर्क शोधणारे शेतकरी त्या काळात धुऱ्याधुऱ्यावर दिसत. फोटो फार बोलके यायचे, तुमच्या पीपीटीला शोभले असते. 2025च्या खरिपापासून राज्याने रुपयाचा विमाही बंद केला आणि ती कटकटही मिटवली. स्थानिक आपत्तीची वेगळी भरपाईच काढून टाकली, भरपाई पीक कापणी प्रयोगावर ठेवली. म्हणजे मंडळाचं सरासरी उत्पन्न घसरलं पाहिजे. तुम्ही एकटे बुडून उपयोग नाही, सर्वांना घेऊन बुडायला हवं. सहकाराची चळवळ महाराष्ट्रात उगाच रुजली नाही.

एखादा चुणचुणीत पोरगा मध्येच विचारेल, ‘सर, हा धूर कुनी केला?’ त्याला पॅरिसची हवामान परिषद सांगा, ग्लासगोची सांगा, भारताने तिथे 2070पर्यंत नेट झिरोचा, म्हणजे निव्वळ शून्य उत्सर्जनाचा, शब्द दिलाय ते सांगा. श्रीमंत देशांनी 2009मध्ये कोपनहेगनला कबूल केलं होतं की 2020पर्यंत दरवर्षी 100 अब्ज डॉलर देऊ, आणि त्यांच्याच हिशेबाने तो आकडा 2022मध्ये गाठला, हे मात्र जपून सांगा. आमच्या सोसायटीत दोन वर्षं उशीर केला की थकबाकीदारांच्या यादीत नाव लागतं, तेव्हा पोराला ते लगेच समजेल. 2024मध्ये बाकूला नवा वायदा झालाय, 2035पर्यंत वर्षाला 300 अब्ज. आणि घरचा धूर? तो विषय शक्यतो टाळा. चंद्रपूरचं 2920 मेगावॉटचं औष्णिक केंद्र इथेच, राख इथेच, वीज मात्र पुढे जाते, आणि आमच्या कृषिपंपाला ती बरेचदा रात्री येते, सापकिरडाच्या वेळेला. 2023च्या मे महिन्याच्या अखेरीस कोराडीला 660 मेगावॉटच्या दोन नव्या संचांसाठी जनसुनावणी झाली. पर्यावरणाची जनसुनावणी विदर्भात मे अखेरीस ठेवण्याइतकी विनोदबुद्धी सरकारात आहे, याचा मला अभिमान वाटतो.

शेवटी अहवाल. तो गावात परत पाठवायची प्रथा नाही, आणि ती तुम्ही सुरू करू नका. पुढच्यांना त्रास होतो. गावाने तुम्हाला पावसाचं, विहिरीच्या पाण्याचं, कर्जाचं, पोरीच्या लग्नाचंसुद्धा सांगितलं, ते वर गेलं. खाली यायचं असतं ते ‘जनजागृती’. तिचा फ्लेक्स ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागतो आणि पावसाळ्यात कुणाच्या तरी कुडावर ताडपत्री म्हणून जातो. हवामान-अनुकूलनाचं आमच्या गावातलं हे सर्वांत यशस्वी उदाहरण आहे आणि त्याची नोंद अजून कुणीच घेतलेली नाही, तेव्हा हा विषय हवा असेल तर घेऊन टाका.

आणि आता उपरोध बाजूला ठेवून एक मागणं. टोप्या, बॅगा, पेनं आमच्याकडे पुष्कळ झाली. येताना एक साधं पर्जन्यमापक घेऊन या, हाताने वाचायचं, काचेच्या नळीचं. शाळेच्या पटांगणात कडुनिंबापासून लांब खांब आम्ही रोवून ठेवतो. रोज सकाळी साडेआठला वाचायला सातवीतली पोरं तयार आहेत, वही त्यांनी आखून ठेवलीय. मंडळाच्या यंत्राशी त्यांचे आकडे जुळतात का, ते तुम्ही पुढच्या डिसेंबरात येऊन बघा.