गुन्हा खरा, कलम चुकीचं

खडा मास्तरांनी टाकला. "निसर्गाच्या नासाडीला ख्रिस्ती धर्म जबाबदार आहे. आणि हे मी म्हणत नाही, एक ख्रिस्ती इतिहासकारच म्हणून गेलाय."

कटिंग अजून हातात यायचे होते. कट्ट्यावर ख्रिस्ती एकटा वसईकर, त्यामुळे आता हा भडकणार म्हणून बाकीचे सरसावून बसले. तो शांतपणे म्हणाला, "लिन व्हाइट. बोला पुढे."

लिन व्हाइट हा कॅलिफोर्नियातला मध्ययुगीन तंत्रज्ञानाचा अभ्यासक. २६ डिसेंबर १९६६ रोजी त्यानं वॉशिंग्टनमध्ये व्याख्यान दिलं, ते मार्च १९६७ मध्ये 'सायन्स' साप्ताहिकात छापून आलं. पानं अवघी पाच. धर्म आणि पर्यावरण यांवर त्यानंतर ज्यानं ज्यानं लिहिलं, त्याला त्या पाच पानांशी झटापट करावीच लागली आहे.

"त्याचे मुद्दे तीन," मास्तर म्हणाले. "बायबलमधल्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात देव माणसाला सांगतो, पृथ्वी व्यापून टाका, ती सत्तेखाली आणा. हा एक. दुसरा, आधी प्रत्येक झाडाला, झऱ्याला राखणदार होता. झाड तोडायचं तर आधी त्याची समजूत काढावी लागे. चर्चनं तो राखणदार हाकलला आणि कुऱ्हाडीला धाक उरला नाही. तिसरा मुद्दा नांगर."

"नांगर जरा नीट सांगा," इंजिनियर पुढे सरकला.

मास्तरांनी फरशीवर बोटानं आकृती काढली. भूमध्य समुद्राकडची माती हलकी. तिथला जुना नांगर नुसता ओरखडा काढायचा, म्हणून उभी-आडवी नांगरट आणि चौकोनी शेतं. उत्तर युरोपात माती ओली, चिकट. व्हाइटच्या म्हणण्याप्रमाणे तिथं सातव्या शतकाच्या अखेरीला वेगळाच नांगर आला. पुढे उभी सुरी, ती माती चिरते. मागे आडवा फाळ, तो तळातून कापतो. आणि वाकडी फळी कापलेली माती पालथी करते. घर्षण इतकं की आठ बैल लागायचे. ते एका घरी कुठून असणार? मग बैल एकत्र करायचे आणि ज्याचे बैल जितके, तितक्या लांब पट्ट्या त्याच्या वाट्याला. आधी जमीन घराच्या गरजेपुरती मिळे, आता औताच्या ताकदीवर. माणूस निसर्गाचा भाग होता तो त्याला पिळणारा झाला, असं व्हाइटचं म्हणणं.

"ही तर आपली सावड!" इंजिनियर म्हणाला. "देशावर काळ्या रानात हरळी काढायची तर मोठ्या लाकडी नांगराला सहा-सहा, आठ-आठ बैल जुंपत. एका घरात इतके नसत म्हणून शेजाऱ्याचे आणायचे, आपले त्याला द्यायचे. त्यासाठी कुणी उत्पत्तीचा अध्याय वाचला होता? माती पालथी करणारी लोखंडी फळी चीनमध्ये हान राजवटीत होती, तिथं कुठला पोप? भारी माती आणि ओलावा असला की असा नांगर येतो. ग्रीक चर्चच्या मुलखात तो रुजला नाही, कारण तिथली रानं हलकी. व्हाइट मात्र याचं उत्तर मातीपेक्षा मनात शोधतो."

मग त्यानं किर्लोस्करांचा नांगर काढला, नाहीतर तो इंजिनियर कसला. १९०३ साली लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते म्हणून शेतकरी घेईनात. दोन वर्षं माल पडून. "भूमातेला लोखंड लावायचं नाही ही श्रद्धाच होती की. नांगराचा उपयोग दिसला, श्रद्धा सुटली. धर्म कुणी बदलला नाही."

नांगर तिथंच पडला. मला विचाराल तर व्हाइटच्या लेखातला तो सर्वांत देखणा आणि सर्वांत कच्चा भाग आहे.

राखणदाराचं तसं नाही. वकीलबाईंनी तोच मुद्दा उचलला. ७२३-२४ च्या सुमारास जर्मनीत गाइस्मारला बोनिफेस नावाच्या मिशनऱ्यानं डोनार देवाचा ओक तोडला आणि त्याच लाकडाचं प्रार्थनाघर बांधलं. "आता आपली देवराई घे. वाळलेली फांदी न्यायची तरी कौल लावावा लागतो. हा धाक काढून घेतलात, त्याची भरपाई काय केलीत?"

"इथिओपिया बघा," वसईकर म्हणाला. "उत्तरेकडच्या पठारावर मूळचं जंगल जवळपास संपलंय. विमानातून पिवळी शेतं दिसतात आणि मधे मधे हिरवे ठिपके. प्रत्येक ठिपक्याच्या मध्यावर चर्च. रानजुनिपर, रानऑलिव्ह, सगळी जुनी झाडं तिथंच उरली. ते लोक चौथ्या शतकापासून ख्रिस्ती आहेत, उत्पत्तीचा अध्याय तोच."

"मग ती जंगलं सुरक्षित?"

"नाहीत. कुऱ्हाडीपेक्षा गुरांनी घात केला. गुरं आत शिरतात, रोपं तुडवतात, खातात. मोठी झाडं उभी असतात पण खाली नवी पिढीच नाही. कडेनं ऊन-वारा आत येतो आणि ठिपका दरवर्षी थोडा आक्रसतो. वर कडेला निलगिरी लावतात. उपाय साधा निघाला, भोवती दगडी गडगा. दगड आजूबाजूच्या शेतांतलेच, त्यामुळे शेतकऱ्याचं रानही मोकळं होतं. फाटकं ठेवायची, गुरं बाहेर. मग बी रुजतं."

वकीलबाईंनी हे मान्य केलं, पण अर्धंच. देवराई धाकानं टिकते आणि चर्चचं रान गडग्यानं, म्हणजे धाक कमी पडला हे सिद्ध झालं, असं त्यांचं म्हणणं. यावर आमच्यात एकमत झालं नाही. देवराईतही गुरं चरतात, आणि देवळाच्या जीर्णोद्धाराला देवराईचंच लाकूड जातं, हे मास्तरांनी बारीक आवाजात नोंदवलं.

कुणीतरी वसईकरला हात द्यायला म्हणालं, "अरे, तुमच्या फादर दिब्रिटोंनी हरित वसईसाठी केवढं आंदोलन उभं केलं!"

"त्यांचं नाव पुढे करून मी सुटत नाही. चांगल्या फादरांची यादी हा बचाव नव्हे." मग तो उत्पत्तीतल्या त्या वचनाकडे वळला. हिब्रूत तिथं 'कबाश' आणि 'रादा' हे शब्द आहेत. कबाश म्हणजे पायाखाली घालणं, गुलाम करणं. तो शब्द मऊ करून सांगण्यात अर्थ नाही. पण पुढच्याच अध्यायात आदामाला बागेत ठेवलंय ते 'आबाद' आणि 'शामार' यासाठी, म्हणजे मशागत आणि राखण. बायबलच्याच 'लेवीय' या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात सातव्या वर्षी जमिनीला विसावा. 'अनुवाद' या पुस्तकाच्या २० व्या अध्यायात शत्रूच्या शहराला वेढा घातला तरी त्याची फळझाडं तोडायची नाहीत. "आणि व्हाइटचा शेवट कुणी वाचत नाही. तो स्वतः चर्चचा माणूस. नुसत्या विज्ञानानं हे निस्तरणार नाही म्हणतो, आणि असिसीच्या फ्रान्सिसला पर्यावरणवाल्यांचा आश्रयदाता संत करा अशी सूचना करतो. १९७९ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे यांनी तसं जाहीरही केलं."

"शिवाय अरल समुद्र आटवला तो देव न मानणाऱ्या सोव्हिएत सरकारनं," इंजिनियर म्हणाला. "दोन नद्या कापसाकडे वळवल्या, झालं."

"म्हणजे आरोपी निर्दोष?" वकीलबाईंनी पेला खाली ठेवला. "नाही. गुन्हा खरा आहे, तुमच्या व्हाइटनं कलम चुकीचं लावलंय. मनोवृत्ती सिद्ध करता येत नाही. मला सातबारा दाखवा."

आणि त्यांनी तो दाखवला. १४५५ चा पोप निकोलस पाचवे यांचा फतवा, पोर्तुगालच्या राजाला बिगर-ख्रिस्ती मुलूख घेण्याचा आणि माणसं कायमची गुलाम करण्याचा अधिकार देणारा. १६२९ साली, पुढे मॅसॅच्युसेट्सचा गव्हर्नर झालेला विन्थ्रॉप लिहितो की मूळ रहिवासी जमिनीला कुंपण घालत नाहीत, कायम वस्ती करत नाहीत, सबब त्यांचा हक्क पुरा नाही. आणि आधार म्हणून थेट उत्पत्ती १:२८ देतो. इंग्रज तत्त्वज्ञ लॉकनं १६८९ मध्ये त्याचाच सिद्धांत केला: जो कसतो त्याची जमीन, न कसलेली ती ओसाड. १८२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की मूळ रहिवाशांना वहिवाट आहे, मालकी नाही. "शिकारीचं रान, चराईचं रान, राखून ठेवलेलं रान, सगळं एका शब्दात पड झालं. जंगल कापायच्या आधी ते कागदावर ओसाड करावं लागतं. व्हॅटिकननं ही शिकवण नाकारली ती मार्च २०२३ मध्ये."

वसईकर थोडा वेळ गप्प बसला. "हे कबूल," तो म्हणाला.

एवढा वेळ फोंडेकर नुसता ऐकत होता. "आमच्याकडे गोव्यात याची परीक्षाच झालीय," तो म्हणाला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी तिसवाडी, बार्देश, सासष्टीत देवळं पाडली, गावंच्या गावं बाटवली. पण खाजनं? खाडीकाठच्या त्या खारट शेतांचा बांध चिखल, पेंढा, बांबू, चिऱ्याचा. त्यात मानस, म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं की झडप मिटते, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून बाहेर पडतं. पावसानं मीठ धुतलं की जूनमध्ये कोरगूट भात पेरायचं, कापणीनंतर बेतानं खारं पाणी आत घ्यायचं. ओहोटीच्या वेळी दाराशी जाळं. मासळीच्या पावणीचा, म्हणजे लिलावाचा, पैसा बांधाच्या डागडुजीला. हे सगळं गावकारी, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांची सामाईक संस्था, बघायची. "देऊळ गेलं, इगर्ज म्हणजे चर्च आलं, गावकार ख्रिस्ती झाले. मानस तशीच मिटायची, तशीच उघडायची. आमच्या फोंड्याच्या बाजूला हिंदू गावांत तेच. चारशे वर्षं फरक नाही."

"मग बिघडलं कधी?"

"मुक्तीनंतर. १९६४ चा कूळ कायदा आला, पुढे जमीन कुळांकडे गेली. कुळाला न्याय मिळाला हे चांगलंच झालं, पण बांधाचा धनी कोण हे कुणालाच कळेना. कुळांची नवी संघटना बांधापेक्षा पावणीकडे बघू लागली. ठेकेदार भरतीच्या वेळी झडप उघडी ठेवतो, कोळंबी जास्त मिळते. पाणी जोरानं आत येतं, बांधाचा पाया खरवडतं, एक दिवस खिंडार. भाताला मीठ लागतं, शेत पडीक, मग खारफुटी."

"ठेकेदार कुठल्या धर्माचा?" मास्तरांनी विचारलं.

"कधी हिंदू, कधी ख्रिस्ती. पावणी जिंकली की झडप त्याच्या हातात."