पोरीला नाइट करू द्यायची का?

परवा भावाचा फोन आला. भाची कोल्हापुरात बीएस्सी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला. तिला एका खासगी हॉस्पिटलात नाइट, म्हणजे रात्रपाळी, धरायचीय, मेस आणि रूमचं भाडं सुटेल म्हणते. भावाचं एकच पालुपद : 'शिकायच्या वयात शिकावं, पैशाचं मी बघतो.' वहिनी पोरीच्या बाजूनं. मी जर्मनीत स्टुटगार्टजवळ वॉर्डात नर्स, म्हणून निवाडा माझ्याकडे.

2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं आमच्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. तेव्हापासून गावाकडचं कुणीही भेटलं की विचारतं, 'तिकडं शिकताना पगार देतात ना?' देतात. नर्सिंगच्या तीन वर्षांच्या आउसबिल्डुंगमध्ये, म्हणजे पगारी प्रशिक्षणात, किमान 2,100 तास वर्ग आणि 2,500 तास वॉर्ड. पोरगी पहिल्या दिवसापासून करारावरची कर्मचारी. सार्वजनिक रुग्णालयांत 2024 मध्ये पहिल्या वर्षी महिना 1,340 युरो मिळायचे. कर-विमा कापून हातात यायचे हजाराच्या थोडे वर, आणि स्टुटगार्टात खोलीचं भाडं त्यातला निम्मा घास घ्यायचं. पण बापाकडे हात पसरावा लागत नाही.

भावाला मी हेच म्हटलं : तुझी पोरगी आजही नोकरी करतेच आहे, फक्त फी तू भरतोयस. मी मिरजेला जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा, केला. सकाळच्या ड्यूटीला बेड मेकिंग, स्पंजिंग, ताप-नाडी-श्वासाचा टीपीआर चार्ट, सलाइन, सगळं आम्ही विद्यार्थिनीच. स्टाफ सिस्टर एक आणि पेशंट चाळीस. आम्ही एक दिवस संपावर गेलो असतो तर वॉर्ड बंद पडला असता. पण त्याला 'क्लिनिकल पोस्टिंग' म्हणायचं. म्हणजे काम असूनही काम नाही, मग दामही नाही.

इथं जर्मनीत सगळं गोड आहे असं नाही. नियमानं वॉर्डातल्या तासांपैकी निदान दहा टक्के वेळ प्रशिक्षित मार्गदर्शक नर्सनं शेजारी उभं राहून शिकवायचं असतं. ते काम माझ्याकडे आहे. एखादी नर्स रजेवर गेली की माझी विद्यार्थिनी नाश्त्याचे ट्रे वाटत फिरते आणि मी औषधांच्या गाडीमागे. शिकवल्याच्या नोंदवहीवर सही मात्र पडते. लाज वाटते, पण करते.

तरी एक नियम मला फार शहाणा वाटतो. रात्रपाळी प्रशिक्षणाच्या दुसऱ्या अर्ध्यातच, तीही सगळी मिळून 80 ते 120 तास, आणि पात्र नर्सच्या थेट देखरेखीखाली. आणि आपल्याकडे दुसऱ्या वर्षाची पोरगी अख्खी रात्र एकटी सांभाळते, कारण ती स्वस्त पडते.

मीही सांभाळलीय. जीएनएमनंतरची पोस्ट बेसिक बीएस्सी करताना आठवड्याला चार नाइट, आठ ते आठ. तिथून रिक्षानं थेट कॉलेज, नऊची हजेरी. ऐंशी टक्के भरली नाही तर परीक्षेला बसू देत नाहीत. एकदा पहाटे मी बेड सहाचं बीपी बेड सातच्या चार्टवर लिहिलं. डॉक्टर गोळी वाढवणार, इतक्यात सातच्या आजी म्हणाल्या, 'बाई, माझं बीपी घेतलंच नाही कुणी.' वाचले. आजी वाचल्या, आणि मीही. हे घरी कुणाला कधी सांगितलं नव्हतं, परवा भावाला सांगितलं.

त्यावर तो जिंकल्यासारखा हसला. म्हटलं, हसू नकोस, तुझंही बरोबर नाही. दोन वर्षं पोरगी भाड्याचे पैसे मागताना मान खाली घालते, ते तुला दिसत नाही. नाइट नको. पण रविवारची दिवसपाळी, सिनियर सिस्टर हजर असेल तिथं, परीक्षेच्या आधी महिनाभर बंद, एवढं मी कबूल केलं असतं.

भाचीनं रात्री मेसेज टाकला : 'आत्या, रविवारचे ते तीनशे देतात. नाइटचे पाचशे.'

मी अजून उत्तर दिलेलं नाही.