झारचं राज्य म्हणे संसदेने बुडवलं!

'रशियाचा शेवटचा झार : एका सज्जन राजाची शोकांतिका' हा फॉरवर्ड आमच्या घरच्या ग्रुपवर पुन्हा फिरतोय. एरवी मी असलं काही वाचून सोडून देतो. पण या वेळी भाचीने तो वक्तृत्व स्पर्धेच्या भाषणात जसाच्या तसा उचलला आणि काकांनी वर 'छान मुद्दे, पाठच कर' असा आशीर्वाद दिला. मग गप्प बसवेना.

फॉरवर्डचं म्हणणं थोडक्यात असं : निकोलस दुसरा याच्या राज्यात रशियात सोन्याचा धूर निघत होता. राजा भला, पण मऊ. १९०५ मध्ये दडपणाखाली त्याने संसद दिली आणि तिथेच घात झाला. पुढे रास्पुतिन नावाच्या साधूचा शाप भोवला, लेनिनने जर्मन पैशावर येऊन झारला गादीवरून ओढलं, राजकन्या अनास्तासिया मात्र निसटली. आणि शेवटी ठळक अक्षरांत तात्पर्य : 'देश चालवायला एकच खंबीर हात लागतो, चर्चा करणारे देश बुडवतात.'

आधी लेनिनचं उरकू. झारने गादी सोडली २ मार्च १९१७ रोजी. (तारखा तेव्हाच्या रशियन कॅलेंडरच्या, आपल्यापेक्षा १३ दिवस मागे.) त्या दिवशी लेनिन झ्युरिकमध्ये भाड्याच्या खोलीत राहत होता. तो राजधानी पेट्रोग्राडला (आधीचं पेतेर्बुर्ग) पोचला ३ एप्रिलला. जर्मनीने त्याला आपल्या मुलखातून रेल्वेने जाऊ दिलं हे खरं आहे, जर्मन पैशाची गोष्टही अगदीच हवेतली नाही. पण ऑक्टोबरात त्याने उलथवलं ते झारनंतर आलेलं केरेन्स्कीचं हंगामी सरकार. झार तोवर सैबेरियात, तोबोल्स्कला नजरकैदेत होता. जो गादीवरच नाही त्याला तिथून ओढणार कसं?

रास्पुतिन साधूबिधू नव्हता, पोक्रोव्स्कोये गावचा बायकामुलांचा शेतकरी होता. आजारी युवराजाला त्याच्यामुळे बरं वाटतं या समजुतीने राणी त्याच्या कह्यात गेली, हे मान्य. पण ज्यात त्याने राजघराण्याच्या नाशाचं भविष्य सांगितलं म्हणतात, ते शापाचं पत्र जगापुढे आलं सगळं घडून गेल्यावर, त्याच्या सेक्रेटरीच्या आठवणींतून. निकाल लागल्यावर भविष्य सांगायला कुणालाही जमतं. आणि त्याला मारलं कुणी? राजघराण्याचा जावई युसुपोव्ह, झारचा चुलतभाऊ दिमित्री आणि संसदेतला कट्टर राजनिष्ठ पुरिश्केविच यांनी. गादी वाचवायची म्हणून.

अनास्तासियाबद्दल काय बोलायचं! आयुष्यभर 'मीच ती' म्हणणाऱ्या अॅना अँडरसनचा डीएनए राजघराण्याशी जुळला नाही, आणि १९१८ मध्ये झारसोबत मारल्या गेलेल्या मुलांपैकी उरलेल्या दोघांचे अवशेष २००७ मध्ये सापडल्यावर सगळ्यांचा हिशोब लागला. कुणीही निसटलं नव्हतं.

सोन्याच्या धुरात मात्र अर्धं खरं आहे, आणि ते कबूल करणं माझ्या जिवावर येतं. १९१४ पूर्वी रशियात उद्योग झपाट्याने वाढत होते, रेल्वे पॅसिफिकला पोचली होती, धान्य जहाजं भरभरून बाहेर जात होतं. पण १८९७ च्या जनगणनेत शंभरातली जेमतेम २१ माणसं साक्षर निघाली. सोनंही होतं, सैबेरियात लेना नदीकाठच्या खाणींत. १९१२ मध्ये तिथल्या संपकरी मजुरांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या, दीडशेहून जास्त मेले. हा धूर फॉरवर्डमध्ये नाही.

आता ते तात्पर्य. भाचीने टाळ्यांसाठी राखून ठेवलेलं वाक्य तेच आहे, म्हणून त्याच्यावरच जास्त बोलतो.

झार मऊ होता? ९ जानेवारी १९०५ रोजी पेतेर्बुर्गचे कामगार पाद्री गापोनच्या मागे राजवाड्याकडे निघाले होते, हातात देवांच्या आणि खुद्द झारच्या तसबिरी घेऊन, अर्ज द्यायला. सरकारी आकड्यानेच त्यात शंभराहून अधिक लोक गोळ्यांना बळी पडले. त्या वर्षी देशभर संप पेटला. ज्येष्ठ मंत्री विट्टेने झारपुढे दोन रस्ते ठेवले : लोकांना हक्क द्या, नाहीतर लष्करी हुकूमशहा नेमा. झारला दुसराच हवा होता, पण ज्याला नेमायचं त्या चुलत्यानेच अंग काढून घेतलं. तेव्हा कुठे १७ ऑक्टोबरचा जाहीरनामा निघाला.

आणि संसद दिली म्हणजे काय दिलं? एप्रिल १९०६ च्या मूलभूत कायद्यांत 'सर्वोच्च निरंकुश सत्ता सम्राटाचीच' हे कलम शाबूत होतं. पहिली दूमा, म्हणजे ही संसद, ७२ दिवसांत मोडली. दुसरी ३ जून १९०७ ला मोडली आणि त्याच दिवशी निवडणुकीचा कायदा असा फिरवला की जमीनदारांचं पारडं जड व्हावं. मधल्या काळात पंतप्रधान स्तोलिपिनची फिरती लष्करी न्यायालयं होती : दोन दिवसांत निकाल, पुढच्या चोवीस तासांत शिक्षा. फासाच्या दोराला तेव्हा 'स्तोलिपिनचा टाय' म्हणत. हाच ग्रुप ज्या सेनापती बापटांना जयंतीला हार घालतो, त्यांनी बॉम्बची कृती मिळवली ती पॅरिसमधल्या रशियन क्रांतिकारकांकडून. ती मंडळी तिकडे हवापालटाला गेली नव्हती.

ऑगस्ट १९१५ मध्ये तर एकहाती कारभाराची हद्द झाली. महायुद्धात सैन्य मागे हटत होतं. झारने स्वतः सरसेनापती व्हायचं ठरवलं. 'असं करू नका' म्हणून आठ मंत्र्यांनी सह्या करून पत्र दिलं, तरी तो गेला. दूमातल्या बहुसंख्य पक्षांनी एकत्र येऊन एवढंच मागितलं की देशाचा विश्वास असलेलं मंत्रिमंडळ नेमा. उत्तर म्हणून दूमाचं अधिवेशनच गुंडाळलं. त्यानंतर दीड वर्षात चार पंतप्रधान झाले. याला चर्चेने बुडालेलं राज्य म्हणायचं?

काकांना माझ्यावर विश्वास नसेल तर राजाराणीची पत्रं वाचावीत. ती छापलेली आहेत, दोघं एकमेकांना इंग्रजीत लिहीत. १४ डिसेंबर १९१६ ला राणी लिहिते : पीटर द ग्रेट हो, इव्हान द टेरिबल हो, सम्राट पॉल हो, चिरडून टाक सगळ्यांना. फॉरवर्डचं तात्पर्य यापेक्षा वेगळं काय आहे? सल्ला देणाऱ्या बाईंना एवढंच आठवलं नाही की त्यातल्या पॉलला १८०१ मध्ये त्याच्याच अधिकाऱ्यांनी निजायच्या खोलीत ठार मारलं होतं.

आणि खंबीर हात शेवटी उगारला गेलाच. २३ फेब्रुवारी १९१७ ला पावासाठी रांगा लावून कंटाळलेल्या बायका आणि गिरणीकामगार रस्त्यावर उतरले. २५ च्या रात्री झारने मुख्य तळावरून तार केली : राजधानीतला गोंधळ उद्याच्या उद्या बंद करा. २६ ला गोळीबार झाला. ज्या वोलिन्स्की रेजिमेंटच्या तुकडीने गोळ्या झाडल्या, तिनेच दुसऱ्या दिवशी सकाळी आपल्या अधिकाऱ्याला मारून बंड केलं. संध्याकाळपर्यंत राजधानी हातची गेली. हुकूम कडकच होता, तो पाळायला कुणी उरलं नाही.

दूमाने त्या दिवशी काय केलं? तिला घरी जायचा हुकूम आला होता, सभासद गेले नाहीत, त्यांनी एक हंगामी समिती नेमली. झारला 'उतरा' म्हणून सांगितलं ते त्याच्या स्वतःच्या सेनापतींनी. सैन्याचा मुख्याधिकारी अलेक्सेयेवने आघाड्यांवर तारा पाठवून मत विचारलं आणि सगळीकडून एकच सल्ला आला, चुलता निकोलाय निकोलायेविच याच्याकडूनसुद्धा. झार होता त्या प्स्कोव्हला दूमाकडून राजीनामा घ्यायला गेलेले दोघं, गुचकोव्ह आणि शुल्गिन, राजेशाही टिकावी म्हणून गेले होते. त्यांना झारच्या मुलाला गादीवर बसवायचं होतं. झारने भाऊ मिखाईलचं नाव लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी मिखाईलने विचारलं, माझ्या जिवाची हमी देता का? दूमाचा अध्यक्ष रोद्झ्यान्को नाही म्हणाला, आणि मिखाईलने मुकुट नाकारला.