नालासाठी घोडा

आज दुपारी एका परिचितांकडे जेवताना डेट्रॉईटजवळ हेन्री फोर्ड यांनी जुन्या वास्तू आणून उभारलेल्या ग्रीनफील्ड व्हिलेज या संग्रहालयातल्या अ‍ॅकली पुलाचा, म्हणजे छप्पर असलेल्या एका जुन्या लाकडी पुलाचा, विषय निघाला आणि यजमानांनी त्याला "हौशी श्रीमंताने उचलून आणलेले लाकडी खोके" म्हटले. सगळे हसले. पंगतीत वाद नको म्हणून मी गप्प बसलो. तो राग आता इथे काढतो आहे.

गेल्या उन्हाळ्यात आई डेट्रॉईटला आली असताना तिला तो पूल दाखवला होता. छपराखालच्या अंधारात शिरताच तिने एका तिरक्या तुळईवर तळहात टेकला आणि विचारले, "खाली नदी कुठली रे?" नदी नाही, पुलाच्या लांबीच्या बेताने मुद्दाम केलेले तळे आहे, असे सांगितल्यावर ती म्हणाली, "म्हणजे नालासाठी घोडा!"

तेव्हा यजमानांचे म्हणणे अगदीच चूक नाही, हे मान्य. पण हौस कोणाची? पेनसिल्वेनियात वेस्ट फिन्लेजवळ 1832 साली अ‍ॅकलींच्या रानातले लाकूड तोडून शंभराहून अधिक गावकऱ्यांनी हा एका गाळ्याचा पूल उभा केला. 1937 मध्ये तिथे नवा पूल बांधायचे ठरले, तेव्हा अ‍ॅकलींच्या नातीने जुना पूल सरकारकडून 25 डॉलरना विकत घेतला आणि हेन्री फोर्ड यांना देऊन टाकला. आजोबांनी बांधलेला पूल मोडीत जाऊ नये म्हणून पदरचे पैसे मोजणाऱ्या बाईला आपण जेवणाच्या टेबलावर हसतो, याची मला चीड येते.

आईचा दुसरा प्रश्न होता, छप्पर माणसे भिजू नयेत म्हणून का? मी सांगितले, माणसे नव्हे, तुळया भिजू नयेत म्हणून. छपराच्या फळ्या बदलता येतात, पण आतला सांगाडा कुजला तर पूलच जातो. हिवाळ्यात बर्फावरच्या घसरगाड्या अडू नयेत म्हणून पुलाच्या कोरड्या फळ्यांवर बाहेरचा बर्फ आणून पसरत, हे ऐकून मात्र तिला माझी थट्टाच वाटली.

मग ती बराच वेळ काही बोलली नाही. तिच्या माहेरी पऱ्ह्यावर पोफळीच्या खोडांचा साकव होता. तो कुजला की वाडीतली माणसे जमून नवा घालत, आणि पलीकडची शाळा, वाण्याचे दुकान, सगळे त्याच्याच भरवशावर. पुढे सिमेंटचा पूल झाला. तो व्हायलाच हवा होता, आजारी माणसाला डोलीतून नेण्याचे दिवस कोणालाही परत नको आहेत. पण त्या साकवाचा एक वासासुद्धा कोणी ठेवला नाही. मीही नाही, आणि तेव्हा मी चांगला कळता होतो.

निघताना मी आईला तळ्याकाठची वाट दाखवली, कारण तिचे गुडघे दुखत होते. "पूल असताना काठाने कशाला?" असे म्हणून ती पुन्हा छपराखाली शिरली.